बंद काचांची गाडी

महिपत तांडेल नोकरीसाठी रत्नागिरीत मांडवीला दमयंतीबाईंच्या घरी गेला, तेव्हा बाईंनी त्याचा परवाना पाहिला नाही, की गाडी कुठे शिकलास हेही विचारलं नाही. त्यांनी आत हाक मारून एक ताटली मागवली. मटणाच्या पाण्यात कुस्करलेली तांदळाची भाकरी होती तीत.

"खा," बाई म्हणाल्या.

"हे कोणाचं?"

"कुत्र्यांचं. या घरात जो कुत्र्यांच्या जवळ जाईल, त्यानं आधी त्यांच्यातलं खायचं. हौसाही रोज खाते."

दारात उभ्या असलेल्या हौसाने, म्हणजे बाईंच्या स्वयंपाकिणीने, मान खाली घातली. महिपतने मुकाट्याने दोन घास खाल्ले. अठरा वर्षं त्याने समुद्रावर काढली होती, किडे निवडून शिजवलेला भात खाल्ला होता. त्या मानाने हे अन्न बरंच होतं. फक्त अळणी होतं. बाई त्याच्या तोंडाकडे, मग गळ्याकडे बघत राहिल्या. घास खरोखर खाली उतरला याची खात्री झाल्यावर त्यांनी ताटली कुत्र्यांपुढे सरकवली आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये."

महिपत पूर्णगडचा. बाप फतेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, खलाशांचा प्रमुख तांडेल होता, आजाही. हा मिसरूड फुटायच्या आधीच शिडाच्या दोरीला लागला आणि खाली मलबारपासून वर कराचीपर्यंत सगळी बंदरं त्याने पायाखाली घातली. पुढे आगबोटींनी माल ओढला आणि फतेमारीच्या मालकाने ती विकून टाकली. महिपत मुंबईला गेला, गिरगावात एका गॅरेजात मोटारी धुता धुता चालवायला शिकला. पण बायको राही पूर्णगड सोडायला तयार नव्हती, आणि त्यालाही खाऱ्या वाऱ्याशिवाय झोप येत नसे. म्हणून परवाना खिशात घालून तो परत आला. त्या वेळी रत्नागिरीत खाजगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातली एक दमयंतीबाईंची. चॉकलेटी रंगाची आणि चारी बाजूंनी काचा असलेली. बाकीच्यांच्या गाड्यांना नुसती ताडपत्रीची टपं असत.

गाडी आणि कुत्री, दोन्ही आत्मारामशेटांची हौस. आत्मारामशेट म्हणजे बाईंचे यजमान, मलबारातून इमारती लाकूड आणून विकणारे. एका जहाजाच्या कप्तानाकडून त्यांनी लांब कानांची तीन कुत्री घेतली होती: जॅक, लेडी आणि डॅश. डॅशला हौसा डास म्हणे. शेट सन एकतीसमध्ये पंधरा दिवसांच्या तापाने गेले. आजारपणात त्यांचे धाकटे भाऊ उशाशी होते, औषधही तेच आणत. शेट गेल्यावर त्याच भावांनी घराच्या वाटणीची गोष्ट काढली आणि बाईंच्या मनात काहीतरी कायमचं आंबलं. औषधात काही होतं का? खरं काय ते कोणालाच माहीत नाही. बहुधा काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून बाई स्वतःच्या हाताने भरलेलं पाणीच पीत, दाराला आतून दोन आडणे घालत, आणि कुत्र्यांना नजरेआड होऊ देत नसत.

बाईंचे वडील कोल्हापुरात अंथरुणाला खिळलेले. महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जायचं म्हणजे आंबा घाटातून दिवसभराचा प्रवास. कुत्री घरी ठेवावीत तर हौसावर विश्वास नाही, शेजाऱ्यांवर नाही. म्हणून ती प्रत्येक वेळी गाडीतून बरोबर.

जॅकची हकीकत महिपतला हौसानेच सांगितली. विहिरीवर, हळू आवाजात.

"तुझ्या आधी भिकाजी होता गाडीवर. गेल्या वैशाखात कोल्हापूरहून येताना बाई साखरप्याला मावशीकडं जेवायला थांबल्या. जॅक एकटाच होता बरोबर, ह्या दोघांना खरूज झाली होती म्हणून घरी कोंडलेली. बाई जेवून बाहेर आल्या तर जॅक गाडीत मरून पडलेला. तोंडाला फेस. भिकाजीनं विष घातलं म्हणून हाकलला त्याला. साऱ्या मांडवीत झालं ते. त्याच्या पोरीचं, मैनाचं, लगीन ठरलेलं, तेही मोडलं."

"घातलं होतं विष?"

हौसाने इकडेतिकडे पाहिलं. "मला काय ठाऊक? दिरांनी त्याला फितवला, असं बाई म्हणतात. तू जपून राहा म्हणजे झालं."

महिपत जपून राहू लागला. गाडी चालवताना बाई मागे बसत, दोन कुत्र्यांच्या मधे, आणि त्याचे दोन्ही हात चाकावर दिसले पाहिजेत असा त्यांचा हुकूम होता. खिशातून रुमाल काढायचा तरी तो आधी सांगत असे. पहिल्याच फेरीत आंबा घाटात तिसऱ्या वळणाला डॅशने ओकारी काढली. मग लेडीने. बाईंनी गाडी थांबवली, ओकलेल्यात काडी घालून पाहिलं आणि महिपतकडे रोखून पाहिलं.

"सकाळी तू यांच्याजवळ गेला होतास?"

"नाय, बाईसाहेब. दार उघडलं तेवढंच."

दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच झालं. आता महिपतच्याही मनात यायला लागलं. कुत्र्यांना निघायच्या आधी दूधभात हौसा घालते. ही तर काही करत नाही? आपल्याला जपून राहा म्हणाली, ती नजर दुसरीकडे वळवायला? तिसऱ्या खेपेच्या सकाळी तो चुलीपाशी जाऊन उभा राहिला. हौसा भडकली.

"इथं काय बघतोस? तूच काही टाकशील आणि नाव माझं घेशील!"

असे एका घरातले तिघे एकमेकांवर डोळा ठेवून, आणि कुत्री घाटात ओकतच होती.

त्या तिसऱ्या खेपेला महिपतने आरशातून डॅशकडे नीट पाहिलं. घाट लागायच्या आधीपासूनच तो जांभया देत होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मग ओठ चाटायला लागला, मग मान खाली. महिपतला हे रूप ओळखीचं वाटलं. फतेमारीवर नवा खलाशी आला, की पहिल्या दिवशी तो अगदी असाच करी. जांभया, लाळ, मान खाली, आणि मग काठावर वाकून पोट रिकामं. मनातल्या मनात त्याने हौसाची माफी मागितली.

मलकापूरला गाडी उभी करून तो म्हणाला, "बाईसाहेब, बोलू का? कुत्र्यांना गाडी लागते."

"गाडी लागायला ती काय माणसं आहेत?"

"बोट लागते तशी. भरल्या पोटी निघालं की जास्त. आदल्या संध्याकाळी खाऊ घाला आणि सकाळी नुसतं पाणी. काच थोडी उघडी ठेवा, वारा तोंडावर पाहिजे. आणि गळ्यातली साखळी गाडीत नको. वळणावर घसरलं कुत्रं तर फास बसेल."

बाईंचे डोळे बारीक झाले. "म्हणजे उपाशी ठेवायचं, साखळी सोडायची आणि काच उघडी टाकायची. हे सगळं तुला कोणी शिकवलं? माझ्या दिरांनी?"

महिपतला राग आला, पण समुद्रावर राग गिळायची सवय झालेली होती. "एक फेरी करून बघा. तुमीच त्यांच्याजवळ बसा. माझा हातसुद्धा लागायला नको."

पुढच्या महिन्यात बाईंनी तसं केलं. आदल्या संध्याकाळपासून त्या कुत्र्यांजवळून हलल्या नाहीत. महिपतने मागच्या बैठकीवर काथ्याची जाड गादी घातली आणि कुत्री पुढे फेकली जाऊ नयेत म्हणून बैठकीला एक आडवी फळी बसवली. जुन्या शिडाच्या कापडाचे रुंद पट्टे शिवून आणले, ते छातीभोवती बांधून टोक बैठकीच्या पायाला. बाईंनी प्रत्येक पट्टा ओढून, हुंगून पाहिला. साखरप्याला आणि घाटमाथ्यावर त्याने गाडी थांबवून कुत्र्यांना पाय मोकळे करू दिले, घोट घोट पाणी पाजलं. वळणं त्याने इतकी सावकाश घेतली की मागून आलेली प्रवासी मोटार भोंगे वाजवून थकली. मलकापूर आलं तरी गादी कोरडी होती.

बाई एवढंच म्हणाल्या, "आज बरी चालवलीस." पण पुढच्या खेपेपासून कुत्र्यांच्या बाजूची काच चार बोटं उघडी राहू लागली. ताटलीतलं खाणं मात्र सुटलं नाही.

हे असं सहा-सात महिने चाललं. मग सन चौतीसचा उन्हाळा आला. चैत्र संपत आला होता. कोल्हापूरहून परतताना घाट उतरून गाडी साखरप्याला पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. मोटारींच्या थांब्यावर तांदळाची पोती रचलेली होती आणि एक उघडा, घामाने निथळणारा माणूस ती लॉरीत चढवत होता. गाडी दिसताच त्याने पोतं खाली ठेवलं आणि तो टक लावून बघू लागला.

"भिकाजी," बाई कुजबुजल्या. "हा इथे काय करतोय?"

"हमाली करतो वाटतं."

"आपल्या वाटेवरच? बरोबर याच गावात?"

महिपतनेही त्याच्याकडे पाहिलं. भिकाजीची नजर गाडीवरून हलत नव्हती. वर्षभर मनात घेऊन बसलेल्या माणसाची नजर अशीच असणार, असं महिपतला वाटलं. त्याने गाडी पुढे काढली आणि मावशीच्या घराच्या दगडी गडग्यापाशी, फणसाच्या दाट सावलीत उभी केली. बाईंनी एकेक करून सगळ्या काचा वर चढवल्या. चार बोटं उघडी असायची तीही. मग दाराला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

"अर्ध्या तासात येते. तू इथून हलू नकोस."

एरवी महिपत म्हणाला असता, बाईसाहेब, काच थोडी राहू द्या. त्या दिवशी तो म्हणाला नाही. बंद आहे तेच बरं, असं त्याच्याही मनात आलं.

तो हलणार नव्हता, पण गाडीचं पाणी तापून उकळलं होतं आणि ते भरल्याशिवाय पुढे जाता आलं नसतं. जवळच्या विहिरीने तळ गाठला होता. लोक म्हणाले, नदीवर जा. भिकाजी थांब्यावर लॉरी भरण्यात गुंतलेला दिसला, म्हणून तो दोन डबे घेऊन नदीवर गेला. तिथेही पात्रात खड्डा खणून वाटी वाटीने पाणी घ्यावं लागत होतं. परत यायला पाऊण तास लागला.

लांबूनच त्याला दिसलं, सावली सरकून गडग्यापलीकडे गेली होती आणि गाडी भर उन्हात तळपत होती. आणि काचेला तोंड लावून भिकाजी उभा होता.

महिपतने एक डबा तिथेच टाकला आणि धावला.

"भिकाजी! लांब हो! काय टाकलंस आत?"

भिकाजी वळला, पण लांब झाला नाही. "काचा बंद आहेत, कुलूप आहे. टाकू कुठून? आत बघ आधी."

महिपतने पाहिलं. डॅश काचेवर नाक घासत होता, जीभ हातभर बाहेर, डोळे लाल. लेडी गादीवर आडवी. तिची छाती भात्यासारखी उडत होती आणि तोंडातून पांढरा फेस येत होता.

"काच फोड," भिकाजी म्हणाला.

"चावी आणतो."

"मीही चावी आणायला गेलो होतो. गेल्या वर्षी. अशीच गाडी, अशाच काचा. बाई आत जेवत होत्या. आत निरोप दिला, आत्ता थांब म्हणाल्या. मी ओसरीखाली उभा राहिलो. परत आलो तेव्हा जॅक संपला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. कोणी ऐकलं?"

महिपतने भिकाजीच्या तोंडाकडे पाहिलं. ह्याचं खरं मानावं? काच फुटली की दार उघडणार, आणि ह्याला तेच हवं असलं तर? उद्या बाई म्हणतील, दोघे सामील होते. नोकरी जाईल, नाव जाईल. मांडवीतली लोकं भिकाजीकडे बघतात तशी आपल्याकडे बघतील. तेवढ्यात आत लेडीचे मागचे पाय ताठ झाले आणि डोळे वर गेले.

त्याने गडग्यावरचा जांभ्याचा दगड उचलला आणि पुढच्या दाराच्या काचेवर घातला. आतून हवेचा असा झोत आला की भट्टीचं तोंड उघडावं. हात घालून त्याने आतली कडी काढली. पट्टे सोडून दोघांनी दोन्ही कुत्री उचलून फणसाच्या सावलीत आणली. उन्हात भाजलेला खलाशी फतेमारीवर कसा निववतात ते महिपतला ठाऊक होतं. त्याने मुंडासं सोडून उरलेल्या डब्यात भिजवलं आणि लेडीच्या पोटाला, काखांना, पंजांना लावलं. "तोंडात ओतू नको," तो भिकाजीला म्हणाला, "घुसमटेल. नुसती जीभ ओली कर." भिकाजी कमरेच्या पंच्याने वारा घालू लागला. डॅश आपणहून चाटायला लागला. लेडी हलेना.

काचेचा आवाज ऐकून बाई धावत बाहेर आल्या. हात उष्टेच होते. फुटलेली काच, जमिनीवर पडलेली कुत्री, आणि त्यांच्यावर वाकलेला भिकाजी पाहून त्यांनी किंकाळी फोडली.

"विष! विष घातलं रे! महिपत, तूसुद्धा! मला माहीत होतं, तुम्ही सगळे एकच!"

मावशीच्या घरातले, शेजारचे, थांब्यावरचे लोक गोळा झाले. भिकाजीने पंचा हलवणं थांबवलं नाही. तो बाईंकडे बघतही नव्हता.

महिपत उठला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "बाईसाहेब, त्या गाडीत हात घाला."

"काय?"

"आत हात घाला. बैठकीवर ठेवा."

बाईंनी फुटक्या काचेतून हात आत घातला आणि चटका बसून मागे ओढला. बैठकीचं कातडं तव्यासारखं तापलं होतं. त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग लेडीकडे पाहिलं, तिच्या तोंडाच्या फेसाकडे.

"जॅकच्या तोंडाला..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. लोक काय झालं ते कळायची वाट बघत होते. बाई लेडीशेजारी मातीत बसल्या. "चावी माझ्याकडेच होती," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तेव्हाही माझ्याकडेच होती."

लेडीने घटकाभराने डोळे उघडले. उभी राहायला तिला संध्याकाळ झाली, आणि त्यानंतर तिची मान थोडी वाकडी राहिली ती राहिलीच. पण जगली. बाईंनी भिकाजीला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा तो उठून लॉरीकडे चालायला लागला होता. अजून वीस पोती चढवायची होती त्याला.

रत्नागिरीच्या वाटेवर, हातखंब्याच्या पुढे बाईंनी विचारलं, "तू तरी का नाही म्हणालास, काच उघडी ठेवा म्हणून?"

महिपत खरं बोलला. "मलाही भिकाजीचा संशय आला होता."

आठवडाभराने बाईंनी महिपतला साखरप्याला पाठवलं, भिकाजीला बोलावून आण म्हणून. भिकाजी आला नाही. "मला चोरासारखं हाकललं ते मांडवीच्या बंदरावर, माणसांदेखत," तो म्हणाला. "बोलायचं तर तिथंच बोलायला सांग."

महिपतला वाटलं, हे होणार नाही. बाई कोणाच्या ओसरीवर जात नसत, बंदरावर कुठल्या! पण एका सकाळी, होड्या लागून मासळीचा लिलाव चालू असताना, त्या चालत तिथे गेल्या. मागे महिपत. डोक्यावरचा पदर नीट करून त्या म्हणाल्या, "भिकाजीनं माझ्या कुत्र्याला विष घातलं, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. कुत्रं माझ्या हातून मेलं. मी काचा बंद केल्या होत्या." एवढं बोलून त्या आल्या तशा परतल्या. कोळणी पाट्या डोक्यावर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग एकीने भाव सांगितला आणि लिलाव पुढे सुरू झाला.

बातमी साखरप्याला पोचली. भिकाजीला एका माल वाहणाऱ्या लॉरीवर चालकाची जागा मिळाली. वाटेत भेटले की तो आणि महिपत गाड्या थांबवून विडी ओढत. एकदा महिपतने विचारलं, "आता मन निवलं ना?"

"बाई बोलल्या ते लोकांनी ऐकलं," भिकाजी म्हणाला. "पण मैनाचं मोडलेलं थोडंच जुळलं? त्या पोराचं लगीन झालंसुद्धा."

बाई काही एकदम बदलल्या नाहीत. दिरांवरचा संशय त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही, आणि महिपत कोणाशी हसून बोलला तरी त्या खिडकीतून बघत. पण फुटलेली काच त्यांनी पुन्हा बसवली नाही, तिथे तारेची जाळी मारून घेतली. उन्हाळ्यात पहाटेच निघायचं, आणि थांबायचं तिथे कुत्र्यांजवळ माणूस बसलाच पाहिजे, हा नवा नियम केला. कधी त्या स्वतः बसत आणि महिपतला जेवायला आत पाठवत. मावशीच्या घरच्यांना ते विचित्र वाटे.

महिपतने ती गाडी आणखी चार वर्षं चालवली. मधे मैनाचं लग्न सातवलीच्या एका शेतकऱ्याशी ठरलं. बाईंना बोलावणं नव्हतं. तरी त्यांनी महिपतच्या हाती एक हिरवं इरकली लुगडं पाठवलं, आणि देताना काय म्हणायचं ते तीनदा पढवलं. भिकाजीने ते ऐकून घेतलं. लुगडं त्याने परत पाठवलं नाही. मैनाने ते पेटीच्या तळाशी ठेवलं आणि कधी नेसली नाही.